कासवाने पळवलेली कवळी

विभा,

तू उठशील तेव्हा मी बोटीवर नसेन, पाण्यात शोधू नकोस. शेजारच्या बोटीवरचे हिगासान मला त्यांच्या होडीतून धक्क्यावर सोडतायत. सकाळच्या फेरीबोटीने तुझा बाबा इथे इरिओमोते बेटावर येतोय. फुनाबोरीच्या घरून, रजा टाकून.

तू नोकरी सोडून ही शिडाची बोट घेतलीस तेव्हापासून तो तुझ्याशी बोलला नाही, आणि तूही त्याच्याशी. दोघं एकाच माळेचे मणी. म्हणून मी त्याला फोनवर सांगितलं, की चूळ भरताना माझी कवळी समुद्रात पडली, ती एका कासवाने तोंडात बसवली, आणि आता ते रोज बोटीपाशी येऊन माझ्याकडे बघून हसतं. कासवावर त्याचा विश्वास बसला नाही, कवळीवर बसला. घरातली जुनी कवळी घेऊन निघालाय बिचारा.

खरी कवळी तांदळाच्या डब्यात आहे. तिला हात लावू नकोस.

बटाटे उकडून ठेव, नेहमीसारखं निम्मं पाणी समुद्राचं घाल. मलाही चावायला नको. त्याला बोट लागेल, आल्याचा तुकडा वर काढून ठेव. 'परत चल' म्हणाला तर लगेच भांडू नकोस, आधी त्याच्या हातात सुकाणू दे.

ती जुनी कवळी मला बसत नाही, हे त्याला माहीत नाही. तेव्हा आज दिवसभर माझं तोंड बंद. बोलायचं तुम्हा दोघांनाच.

आजी