अभिनव जिना उतरतो

३ नोव्हेंबर २०१९, रविवार

वारज्याला मुक्काम हलवला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कोथरूडचा माणूस भाडेकरू होतो, याला कंपनीत पुनर्रचना म्हणतात आणि घरात घटस्फोट. बायकोला शांतता हवी होती. मलाही हवी होती, पण फ्लॅट तिच्या नावावर.

खोली मात्र झकास. वरचा मजला, खिडकीतून टेकडी. मालक रावसाहेब गजभिये, पोस्टातून निवृत्त, मूळचे भंडाऱ्याचे. हॉलमध्ये बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि इतकी पुस्तकं, की कोथरूडकराने मान खाली घालावी. ते जयभीम म्हणाले, मी नमस्कार म्हणालो, करार झाला. त्यांच्या मिसेस मालनबाई यांनी बॅगा उतरवायच्या आत जेवायला बसवलं. बाई जरा संथ आहेत. वाढता वाढता डाव हवेत धरून क्षणभर थांबतात, भात घालावा की नाही असा विचार करत असल्यासारख्या. पुण्यात हे नवीन नाही, त्यामुळे मी लक्ष दिलं नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार

मी बावीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त केले हे यांना कळलंय. माझंच तोंड.

डायनिंग टेबलाच्या टोकाला एक जाडजूड गेमिंग लॅपटॉप सतत चालू असतो. त्यांच्या मुलाचा, अभिनवचा. आयटीत होता. तीन वर्षांपूर्वी हायवेवर अपघातात गेला, सव्विसाव्या वर्षी. त्याने गेममध्ये हेच घर बांधलंय. तोच जिना, तेच टेबल, आई, बाबा आणि तो स्वतः. बाकी दोन चित्रं हालतात. अभिनव जिन्यावर एक पाय उचलून अडकलाय. एक पायरी उतरायला त्याला दोन-दोन महिने लागतात. मालनबाई रोज दुपारी त्याचं ताट लॅपटॉपशेजारी वाढतात.

मी निदान सांगितलं : मेमरी आठ जीबी, गेम दांडगा, दम लागतोय. रावसाहेबांनी स्पष्ट केलं की या घरात भूतबित मानत नाहीत. त्यावर मालनबाई म्हणाल्या, भूत कोण म्हणतंय जी, माझा पोरगा आहे, जेवायला उशीर होऊन राहिला त्याला.

६ नोव्हेंबर, बुधवार

आठ जीबीची आणखी एक पट्टी रिकाम्या स्लॉटमध्ये बसवली. प्रोसेसर थंड ठेवणारी पेस्ट वाळली होती, ती खरवडून नवी लावली. पंख्यातून धुळीचा लोकरीसारखा गोळा निघाला. मशीन बंद होतं तेवढा वेळ मालनबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

चालू केलं. अभिनवने पाय खाली टेकला. मग दुसरा. मालनबाई रडल्या. बावीस वर्षांत माझं काम बघून फक्त गिऱ्हाइकं रडली होती.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

पोळी तव्यावर जळून काळी झाली आणि मालनबाई चिमटा धरून शेजारी उभ्या. डोळे उघडे. मी मोजले, अकरा सेकंद. मग तुटलेल्या शब्दापासून वाक्य पुढे सुरू. रावसाहेब म्हणाले, बीपी असेल. आणि लगेच, आणखी पळवता येईल का हो?

काम अर्धवट सोडवत नाही, हा माझा रोग. सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसरची वीज-मर्यादा काढून टाकली. पंखा विमानासारखा ओरडतोय. अभिनव जिन्याच्या तळाशी आला. चालतो छान.

११ नोव्हेंबर, सोमवार

नळ चालू, ओट्याखाली पाणी, मालनबाई बेसिनपुढे उभ्या. चाळीस मिनिटं. डोळ्याच्या कडेला माशी बसली होती. पापणी हलली नाही.

डॉक्टर येईपर्यंत त्या चहा गाळत होत्या. सगळं नॉर्मल निघालं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

गुरुवार, पुण्यात वीजदुरुस्तीचा वार, म्हणून वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर आला. बॅटरीवर प्रोसेसर आपला वेग आवरून धरतो. अभिनव खुर्चीपाशी येऊन अडकला.

आणि स्वयंपाकघरात मालनबाईंनी पंधरा मिनिटांत चौदा पोळ्या लाटल्या, शेजारणीची नक्कल केली, मला म्हणाल्या, अनिरुद्धभाऊ, बायकोने टाकलेला माणूस शर्टाच्या बटणावरून ओळखू येते. आणि खळखळून हसल्या.

चार वाजता वीज आली. हसू तिथेच थांबलं. तोंड उघडंच.

मी अभिनवला जो वेग देतोय, तो त्यांच्यातून जातोय.

रावसाहेबांना सांगितलं. त्यांना वर्षापासून माहीत आहे. शनिवारी इन्व्हर्टर आणणार आहेत.

मालनबाई भानावर आल्यावर त्यांनाही सांगितलं. म्हणाल्या, तीन वर्षं मी चालले, तो उभा राहिला. आता मी थांबते जी. त्याला जेवू द्या.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

दहा वाजता हे वाक्य लिहायला घेतलं. ते पूर्ण केलं तेव्हा दोन वाजले होते.

आता मीसुद्धा. दुसरा स्लॉट मीच भरला, तो आता माझ्यातून ओढतोय.

१६ नोव्हेंबर, शनिवार

११.०५. रावसाहेब इन्व्हर्टर आणायला गेलेत, रात्रीशिवाय येत नाहीत. मालनबाई कालपासून खुर्चीत. ना पाणी, ना अन्न. ओठ फुटलेत. आणखी एक दिवसही काढायच्या नाहीत. चार्जर उपटतो.

१२.२०. चार्जर परत लागलेला. मी लावला नाही. घरात आम्ही दोघंच — म्हणजे मी थांबलो की त्या हालतात.

बॅटरी आत आहे, उपटता येत नाही. एकच उपाय. बटण दहा सेकंद दाबून धरायचं, मशीन मेलं की पट्टी काढून घ्यायची. दहाच सेकंद.

१.४०. सहापर्यंत मोजलं होतं. बोट बटणावरून काढून मांडीवर ठेवलेलं, नीट. खांद्यावर शाल. पुढे चहा, वर ताटली.

त्या पुन्हा खुर्चीत. हात धरला — गार. श्वास आहे. थोडा.

३.१५. या वेळी चारपर्यंतच मोजलं. अभिनव ताटावर बसलाय. घास घेतोय. किती सुरेख —

पळून जावं? मग त्यांचं —

? वाजले. बाहेर ऊन उतरलंय. उजवा हात बटणावर, डाव्याने लिहितोय. लिहीत राहिलो तर कळेल कुठे तुट

एक.

दोन.

अभिनवने रिकामं ताट पुढे केलं

तीन

वाढायला मालनबाई उठताहेत. म्हणजे मी थां