कुंकू लावलेला कागद

नाशिक, १२ जुलै १९८३, मंगळवार

संध्याकाळी शेजारची सुमन नवऱ्याच्या कारखान्यातलं इंग्रजी पत्र घेऊन आली. वर कुंकवाचं बोट. एप्रिलअखेरपासून देव्हाऱ्यात होतं म्हणे.

“मावशी, हे कायम कधीपासून झाले, तेवढी तारीख बघा ना.”

तारीख होती, पण कामाच्या शेवटच्या दिवसाची. ३१ जुलै. कायद्याप्रमाणे तीन महिने आधी कळवलं होतं. दुसरं काम शोधायला मिळालेले ते महिने देव्हाऱ्यातच गेले.

पत्र आलं तेव्हा तिने आणलेला पेढा मी खाल्ला होता. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी, पत्र दाखव म्हणायला काय झालं होतं मला?

सुमन पदराने कुंकू पुसत राहिली. मग म्हणाली, “मावशी, यांना आज नका सांगू. आत्ताच डबा घेऊन रात्रपाळीला खुशीत गेलेत.”