कलशातलं पहिलं पाणी

प्रिय मामा,

घडलं ते आधी क्रमाने लिहिते. तुम्हाला तसंच लागायचं.

१. टर्पेंटाइनला ऑक्सिजन जोडायची, पेरॉक्साइड आणि टंगस्टनवरची आपली पहिली मोठी बॅच परवा लावली.
२. मी कंट्रोल रूममध्ये असताना टाकीच्या व्हॉल्ववरच्या दत्तूआप्पांनी नारळ फोडला. तुमच्या तांब्याच्या कलशात रात्रभर ठेवलेलं पाणी, त्यात नारळाचं पाणी, असं सगळं पेरॉक्साइडच्या टाकीत ओतलं.
३. टाकी तापली, फेस वर आला, वाफ व्हेंटमधून बाहेर गेली. कुणाला इजा नाही.
४. पेरॉक्साइड संपलं. टर्पेंटाइन होतं तसंच राहिलं.

तुम्ही गेल्यावर मी लिहिलं नव्हतं. कारण नव्हतं. आता आहे. मी वैतागले आहे, आणि तुमच्यावरच!

शिरूरच्या घरी, ओट्यावर, हे मला कुणी शिकवलं? मी अकरावीत होते. पेरॉक्साइडच्या वाटीत तुम्ही तांब्याची तार टाकलीत, बुडबुडे दाखवलेत आणि म्हणालात, “धातू कुठला, त्यावर सगळं आहे. टंगस्टन यातला ऑक्सिजन टर्पेंटाइनच्या दुहेरी बंधापर्यंत नेऊन पोचवतं. तांबं तो वाटेतच उधळतं.” मामी ओरडली होती, “अहो, ती वाटी आमटीची आहे!”

मला सांगितलंत. आप्पांना का नाही सांगितलंत?

पेरॉक्साइडच्या आधी, परमँगनेटच्या काळात प्रत्येक नव्या कामाचं पहिलं पाणी तुम्ही कलशातून ओतायचात. चालून गेलं. त्यात एवढा तपकिरी गाळ निघायचा की कलशभर पाण्याने काय बिघडणार! तो गाळ नको म्हणूनच तुम्ही साहेबांच्या मागे लागून पेरॉक्साइड आणवलंत. काम झालं की त्याचं मागे नुसतं पाणी उरतं. आणि पहिली बॅच लागायच्या आत निघून गेलात. ही काय जायची वेळ होती?

साहेबांनी आणखी एकच संधी दिली आहे, येत्या सोमवारची. ती फसली की पुन्हा परमँगनेट, पुन्हा गाळाची पोती.

मी आप्पांना म्हटलं, कलश टाकीपासून लांब ठेवायचा.

“ताई, आमी काय नवं केलं? मामा करायचं त्येच केलं न्हवं?”

“मामा असते तर त्यांनीच थांबवलं असतं.”

“आसं? मंग तसं तुमाला सांगून गेल्यात व्हय?”

“नाही.”

“मंग इचारून या त्यास्नी. तवर म्या व्हॉल्वला हात लावत न्हाई.”

मागून कुणीतरी म्हणालं, “फोन लागला तर आमचा बी रामराम सांगा, म्याडम.” सगळे हसले. आप्पा हसले नाहीत.

टाकीतल्या पाण्यात तांबं किती होतं, ते मी प्रयोगशाळेत मोजलं. कागद दाखवला. आप्पांनी तो शेवटपर्यंत वाचला, नीट घडी घालून परत दिला आणि म्हणाले, “तुमचं बराबर आसंल.” तेव्हा लक्षात आलं की त्यांना तांब्याबद्दल शंका नाहीच. कलश बाजूला ठेवला की तुम्ही त्या शेडमधून खरंच गेलात असं होईल, तेवढंच त्यांना नको आहे.

याला मी काय मोजून दाखवू, मामा? असलं काही तुम्ही शिकवलंच नाहीत.

माझं वचन एवढंच: कलश अडगळीत जाणार नाही. सोमवारी तो मी घासून भरेन आणि आप्पांच्या हाती देईन. पहिलं पाणी रिअ‍ॅक्टरच्या पायाशी, जमिनीवर पडेल. नारळ सगळ्यांना वाटला जाईल. टाकीत मात्र थेंबही नाही.

हरकत असेल तर रविवारी संध्याकाळपर्यंत कळवा. उत्तर आलं नाही, तर सोमवारी सकाळी आप्पांना सांगेन: मामांना विचारलं, ते नको म्हणाले नाहीत.

तुमची भाची,
वृषाली
यवत