कंप्यूटर उघडला की शिखा

सोमवार, ३ नोव्हेंबर

अकरा मिनिटं! आज घड्याळ लावून मोजली. महिपतरावांनी कंप्यूटरचं बटण दाबलं तेव्हा दहा वाजून चार मिनिटं. पहिला फॉर्म उघडला तेव्हा सव्वादहा. मधल्या वेळात त्यांचा चहा झाला, माझा झाला, खालच्या दुकानातून बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आली ती पण संपली.

बटण तेच दाबतात. आमच्या वधू-वर मंडळाचे अध्यक्ष ना! घराण्यात कोणीतरी तोफखान्यावर होतं म्हणे, तोच रुबाब. बोट लावतात आणि दोन पावलं मागे सरकतात. मग पडद्यावर एकेक जण उगवतो. पंचांग. हवामान — तेही आमच्या गावाचं नाही, भोपाळचं. प्रिंटरची 'शाई संपत आली'ची पाटी. व्हायरस पकडणारे दोन, ते एकमेकांनाच पकडत बसतात. क्रिकेटचा स्कोर. आणि शेवटी स्वतः महिपतराव! सहा वर्षांपूर्वीच्या दसऱ्याच्या भाषणाची फिल्म, पूर्ण आवाजात. "बंधू-भगिनींनो, आपला समाज आज..." आमचं अर्धं दौलतगंज हे भाषण पाठ म्हणून दाखवेल.

काल तुळशीचं लग्न लागलं. आता महिनाभर जिन्यावर आई-बापांची रांग. आज सात जण आले. दोघं भाषण ऐकूनच परत गेले.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

दिग्विजयसिंहांना बोलावलं. महिपतरावांचे चिरंजीव, वय सदतीस, नया बाजारात बॅटरी-इन्व्हर्टरचं दुकान. अध्यक्षांचाच मुलगा बिनलग्नाचा! मंडळातला सगळ्यांत जुना फॉर्म त्यांचा आहे. एक मुलगी फार हसते म्हणून नको. एक हसतच नाही म्हणून नको. एकीला कुत्री आवडत नाहीत म्हणून नको — आणि यांच्या घरी कुत्रा नाही!

पण हात हुशार. "वहिनी, ये देखो. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप — तिन्ही एकदम दाबा." एक यादी उघडली. चौदा नावं. "मशीन उठली रे उठली की हे चौदा जण दारात उभे. सगळ्यांना आधी आत यायचंय. बेचारी काय करणार?" नावावर उजवी क्लिक करायची आणि डिसेबल म्हणायचं. प्रोग्रॅम जात नाही. फक्त बोलावल्यावर येतो, आपला आपला घुसत नाही.

मी विचारलं, आणि आपल्याला काही लावायचं असेल तर? त्याचं पण एक फोल्डर असतं. त्यात फाइलचा शॉर्टकट टाकला की रोज सकाळी ती आपोआप उघडते.

"पण तुम्हाला काय लावायचंय?"

"मला काय लावायचंय! माहिती असलेली बरी."

देवाशपथ, तेव्हा मनात काहीच नव्हतं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

चौदातले तेरा बंद. एक व्हायरसवाला ठेवला. चाळीस सेकंद!!

महिपतराव स्क्रीनकडे बघत राहिले. "माझं भाषण कुठे गेलं?"

"आहे काकासाहेब, सुरक्षित आहे. बोलावलं की येईल."

"मला बोलवावं लागणार? मला?"

संध्याकाळी कुलूप लावताना म्हणाले, "अपर्णा, बटण दाबलं आणि समोर काहीच आलं नाही, तर माणसाने दाबलं कशाला?"

वाईट वाटलं. आणि त्याच क्षणी डोक्यात किडा वळवळला.

शनिवार, ८ नोव्हेंबर

मंडळाच्या कंप्यूटरमध्ये 'पुनर्विवाह' नावाचं एक फोल्डर आहे. घटस्फोट झालेले, जोडीदार गेलेले, सगळे त्यात. एकोणीस फॉर्म. महिपतराव ते उघडत नाहीत. "राहू दे ते. आधी मुख्य काम." मुख्य काम पाच वर्षं बघतेय मी, ते कधी संपत नाही.

त्यात शिखाचा फॉर्म. वय पस्तीस, कंपू भागातल्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट. लग्न झालं होतं, दोन वर्षांत मोडलं. दर सहा महिन्यांनी फोन करते — "ताई, माझा फॉर्म आहे ना अजून? की उंदरांनी खाल्ला?" चार वर्षांत एकाही घराने विचारलं नाही. अपेक्षेच्या रकान्यात सगळ्या लिहितात निर्व्यसनी, सुस्वभावी, स्वतःचं घर. हिने लिहिलंय — 'फोनवर हॅलो हॅलो ओरडणारा नको. खोटं बोलणारा त्याहून नको. बाकी बघता येईल.'

दुपारी महिपतराव जेवायला गेले. मी शॉर्टकट केला आणि त्या फोल्डरमध्ये टाकला. दोन मिनिटांचं काम.

घरी सासूबाईंना सांगितलं. माई एक्याऐंशीच्या आहेत, पण असल्या गोष्टी ऐकायला कान जवान. "दिग्विजयसाठी? मग फोटो चांगला आहे ना?" चांगला आहे म्हटलं. "मग ठीक. आता तोंड सरळ ठेव सोमवारी. तुझं तोंड चुगली करतं."

सोमवार, १० नोव्हेंबर

बटण. दोन पावलं मागे. चाळीस सेकंद. आणि शिखा!

महिपतरावांनी चष्मा लावला, नाव वाचलं, शिक्षण वाचलं, मान डोलावली. मग पूर्वविवाहाचा रकाना आला आणि मान थांबली. "हे कोणी उघडलं?"

"कोणीच नाही काकासाहेब. तुम्हीच आत्ता बटण दाबलंत."

मी फाइलींचा गठ्ठा तोंडासमोर धरून उभी.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज पण शिखा. त्यांनी बंद केली. कंप्यूटर बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा शिखा!

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज माझ्याकडून चूक झाली. लिहूनच ठेवते.

तिसऱ्या दिवशी शिखा आली तेव्हा महिपतराव हळूच म्हणाले, "ही मशीन हीच मुलगी का दाखवते?" मला वाटलं होतं चिडतील. चिडले नव्हते. घाबरल्यासारखे दिसत होते, देवळात कौल लागल्यावर दिसतात तसे. आणि मी काय बोलावं? "आजकाल कंप्यूटर स्वतःच पत्रिका जुळवतात म्हणे, काकासाहेब."

का बोलले! जीभ आहे की फटाका!

त्यांनी खुर्ची ओढली आणि पूर्ण फॉर्म वाचला. 'हॅलो हॅलो' वाचून एकदम हसले — दिग्विजयसिंहांची आई तशीच ओरडायची म्हणे फोनवर. "आमच्या घराण्यात असं झालं नाही आजवर," म्हणाले. पण फॉर्म बंद नाही केला. दुपारपर्यंत तीन जणांना सांगून झालं होतं — आमच्या दिग्विजयसाठी मशीनने स्वतः मुलगी काढली!

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

तिघांचे वीस झाले. खालचा बेडईवाला पण मला विचारतो, "दीदी, सुना है कंप्यूटर रिश्ता करा रहा है?"

महिपतरावांनी खात्री करायला मुलाला बोलावलं. झालं! दिग्विजयसिंह खुर्चीत बसले, तीन बटणं दाबली, यादी बघितली. मग ते फोल्डर उघडलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. नोव्हेंबरचे तीसही दिवस वाचले.

फोल्डर बंद झालं. "आबा, मशीनमध्ये कोई खराबी नहीं. एकदम सही चालू आहे."

जिना उतरल्या उतरल्या त्यांचा फोन. "वहिनी! शॉर्टकटचं नाव तरी बदलायचं! 'शिखा रोज' लिहून ठेवलंय!"

मी मेले.

"आबांना नाही सांगत. पण तो फॉर्म मी पूर्ण वाचला. नंबर द्या ना."

नकाराचं कारण नाही, काही नाही, सरळ नंबर! मी म्हटलं, मंडळाचा नियम आहे, आधी मुलीला विचारते. शिखा म्हणाली, "चार साल बाद? कोण आहे हा शूर?" उद्या तिच्या क्लिनिकसमोरच्या ज्यूसच्या दुकानात भेटणार.

माईंनी गुळाचा खडा हातावर ठेवला.

सोमवार, १७ नोव्हेंबर

दिग्विजयसिंहांसारखा भोळा माणूस मी बघितला नाही. खोटं बोलणारा नको, असं तिच्या फॉर्मात होतं ना — मग यांनी पहिल्याच ज्यूसच्या ग्लासावर सगळं सांगून दिलं! शॉर्टकट, चाळीस सेकंद, वीस जण, बेडईवाला.

शिखा आज अकरा वाजता मंडळात आली. समोर महिपतराव, बाकावर भिंडहून आलेलं एक कुटुंब. ती सरळ माझ्यापाशी आली. "ताई, माझा फॉर्म रोज सकाळी इथे लागतो, आणि आख्खा बाजार वाचतो?"

मी काहीतरी पुटपुटले.

"मी तुमच्यावर भरोसा करून लिहिलं होतं. माझ्या डिव्होर्सची तारीख सुद्धा. तुम्ही तमाशा केलात."

तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. महिपतराव आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघायला लागले. आता खोटं बोलणं शक्य नव्हतं. सांगितलं. मशीनने कोणाला निवडलं नाही काकासाहेब, मी निवडलं. तुम्ही ते फोल्डर उघडत नाही म्हणून मी उघडून दाखवलं. पण मशीनचं नाव सांगितलं ते चुकलं. शिखाला न विचारता केलं ते त्याहून चुकलं.

शिखा म्हणाली, "माझा फॉर्म काढून टाका." तिच्यासमोरच काढला.

ती गेल्यावर महिपतराव म्हणाले, "मी वीस जणांना सांगितलं, अपर्णा. वीस." मग कपाटाकडे तोंड करून — "उद्यापासून येऊ नकोस."

मंगळवार, १८ नोव्हेंबर

घरी. तीन वेळा कपाट आवरलं. माई म्हणाल्या, "खोटं बोललीस ते वाईट. त्या मुलीला विचारलं नाहीस ते फार वाईट. पण चार वर्षं कोणी न वाचलेला फॉर्म वाचायला लावलास, त्याचं मी काय करू? त्याला रागवता येत नाही मला."

शिखाला फोन केला. उचलला नाही. 'चुकले. माफ कर' एवढाच मेसेज केला. सबबी जोडल्या नाहीत.

आमचे हे गेले त्याला सात वर्षं झाली, त्यातली पाच मी त्या ऑफिसात काढली. आज अकरा वाजता कळेना की माणसाने घरात बसायचं कुठे.

गुरुवार, २० नोव्हेंबर

शिखाचा मेसेज. 'माफ केलं नाही अजून. पण तुमचा तो दिग्विजय रोज क्लिनिकमध्ये येतो. खांदा दुखतो म्हणे. खांदा एकदम ठीक आहे. मी विचारलं, खोटं का बोलतोस? तर म्हणाला, बरोबर, आजपासून खरं सांगतो, तुला बघायला येतो. आता याचं काय करू?'

मी लिहिलं — 'व्यायाम दे.'

तिने हसण्याचं चित्र पाठवलं. एकच. पण पाठवलं!

शनिवार, २२ नोव्हेंबर

दुपारी दाराची कडी वाजली. महिपतराव! टोपी हातात, दोन जिने चढून दम लागलेला. माईंनी पाणी दिलं. त्यांनी पाणी प्यायलं, पंखा बघितला, माईंची तब्येत विचारली. मग म्हणाले, "मशीन पुन्हा अकरा मिनिटं घेते."

"का? काय झालं?"

"मी रागात सगळे चालू करून टाकले. भाषण पण. पहिल्या दिवशी बरं वाटलं." पुन्हा पंख्याकडे बघितलं. "दुसऱ्या दिवशी माझं मलाच ऐकवेना."

मी हसू दाबत होते, पण त्यांचं झालं नव्हतं.

"ती फाइल उघडली मी. पुनर्विवाहाची. शिखाचा काढल्यावर अठरा उरले. तीन दिवस लागले, सगळे वाचले. एक बाई नऊ वर्षांपासून आहे त्यात, अपर्णा. मी अध्यक्ष आहे आणि मला तिचं नाव माहीत नव्हतं." टोपी इकडून तिकडे फिरवली. "दिग्विजय म्हणतो, लग्न केलं तर तिच्याशीच, नाहीतर खांदा दुखतच राहील. मी म्हटलं, आधी ती हो म्हणू दे. मग मी माझ्या पायांनी तिच्या घरी जाईन."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसू पण, दोन्ही एकदम.

"सोमवारी ये. पण एक अट. मशीनला कोणाचं काही लावायचं असेल तर आधी त्या माणसाला विचारायचं."

मी हो म्हटलं. माई त्यांना सोडायला जिन्यापर्यंत गेल्या. बराच वेळ दोघांची कुजबुज चालली होती. तब्येतीचं असेल.

सोमवार, २४ नोव्हेंबर

"आज तू दाब," महिपतराव म्हणाले, आणि स्वतः दोन पावलं मागे झाले. दिग्विजयसिंह मुद्दाम आले होते आणि कॅलेंडर वाचत होते. चाळीस सेकंद. एक फॉर्म आपोआप उघडला, हाताने भरून स्कॅन केलेला. पुनर्विवाह. नाव — अपर्णा. वय — त्रेचाळीस. थरथरतं, ओळखीचं अक्षर. खाली चौकोन रिकामा ठेवलाय: उमेदवाराची संमती आहे / नाही. आणि सगळ्यांत शेवटी, फॉर्म भरणाऱ्याचं नातं. तिथे 'सासू' लिहून खोडलंय, आणि वर लिहिलंय — आई.