मधल्या मैदानातला काझ

पाइनबरो, जॉर्जिया
२४ सप्टेंबर १९५१

ती. ग्वेनताईस,
धाकट्या इद्रिसचा वाकून नमस्कार, वि. वि.

तुझा बेदाण्याचा केक पोहोचला. अर्ध्याचा चुरा टपालवाल्यांनी केला, उरलेल्याचा मी. हॉटेलची मालकीण दारातून दोनदा डोकावली, पण मी तिला वासाखेरीज काही लागू दिलं नाही.

आता मुद्द्याचं. हे पत्र भाऊ म्हणून अर्धं आणि बेसबॉलचे खेळाडू हेरत गावोगाव फिरणारा माणूस म्हणून अर्धं वाच. इथल्या क्लबला तुझ्या संघातला काझ दुदेक हवा आहे. बदल्यात ते दोन पिचर आणि एक कॅचर द्यायला तयार आहेत. दोन्ही पिचर मी स्वतः पाहिलेत. डावखुरा तर असा फेकतो की समोरच्याची बॅट हवेतच फिरते. यंदा तुम्ही अकरा सामने सातव्या डावानंतर हरलात, ते धड पिचर नसल्यामुळे, हे तुला मी सांगायला नको.

काझ लाडका आहे, ठाऊक आहे. पण तीन हंगाम बॅटिंगमध्ये तो हजारी दोनशे सत्तरच्या सरासरीवर रेंगाळत होता आणि यंदा एकदम तीनशे छप्पन्न! असा हंगाम माणसाला एकदाच येतो, ताई. पुढच्या वर्षी तो पुन्हा साधा झाला, की त्याच्या बदल्यात तुला कुणी एक धड कॅचरही देणार नाही. त्याचंही भलं आहे. सव्वीस वर्षांचा झाला, टॅनर्स गॅपमध्ये राहून तो आणखी किती मोठा होणार?

दहा ऑक्टोबरच्या आत कळव. तुझी ती पिसांची हॅट अजून आहे का? सामन्याला ती घालून बसतेस म्हणून मागच्या रांगेला काही दिसत नाही, अशी तक्रार माझ्यापर्यंत आली आहे.

रागावलीस तरी पत्र लिहून रागाव.
तुझा,
इद्रिस


टॅनर्स गॅप, पेनसिल्व्हानिया
३० सप्टेंबर १९५१

चि. इद्रिस यास ताईचे आशीर्वाद.

हॅट आहे, आणि राहणार. केकचा डबा परत पाठव.

काझबद्दल माझं उत्तर नाही असं आहे. तू त्या गोष्टीचा शब्दही कुणापाशी काढला नसशील, तरी गावात बातमी आली. काल लुकाच खाटकाकडे गेले, तर त्याने सुरा खाली ठेवला आणि म्हणाला की बेडोबाई, काझला दिलंत तर उद्यापासून मटण शेजारच्या गावातून आणायचं. हसत म्हणाला, पण मांस तोलून देताना हसत नव्हता.

तू म्हणतोस तो लाडका आहे. लाडका हा शब्द पुरत नाही, इद्रिस. तू चार वर्षं बाहेर आहेस म्हणून तुला आठवण करून देते. आपल्या मैदानाच्या मधल्या भागाखालून खाणीचा तिसरा बोगदा जातो. सत्तेचाळीसच्या मार्चमध्ये आग लागली, नऊ जण वर आणले, पाच जण राहिले. आग पलीकडच्या खाणीकडे सरकायला लागली तेव्हा कंपनीने तोंडावर काँक्रीट ओतलं. माझा हेडन आत आहे. काझचा थोरला भाऊ लिऑन आत आहे. बाकीचे तिघे तुला माहीतच आहेत. पाचांपैकी एकाचीही कबर नाही. रविवारी लोक दफनभूमीत जातात, आम्ही पाच घरं सामन्याला जातो.

काझची आई उजव्या कुंपणालगत काळी शाल घेऊन बसते. फळ्यावरच्या आकड्यांकडे तिचं लक्ष नसतं, मुलगा कुठे उभा आहे एवढंच ती बघते. आणि यंदा तो जसा खेळला! त्याच्या वाट्याचे नसलेलेही चेंडू धावत जाऊन झेलायचा. प्रत्येक झेलाला सगळं गाव उभं राहायचं, आणि मला वाटायचं की खालच्यांनाही ते ऐकू जात असेल.

हेडनला तिथे सोबत आहे असं मला वाटतं. वेडेपणा म्हण. पण त्याच्या डोक्यावरून काझला हलवायची ताकद माझ्यात नाही.

स्वेटर पाठवते आहे. तिकडे थंडी नसते हे मला ठाऊक आहे, तरी घाल.
आठवण ठेवणारी,
ग्वेनताई


पाइनबरो
४ ऑक्टोबर १९५१

ती. ग्वेनताईस,
इद्रिसचा नमस्कार, आणि आधीच क्षमा मागतो.

हेडनभावजींना मी विसरलेलो नाही. बॅट धरायला त्यांनीच शिकवलं. पण क्लबही त्यांनीच उभा केला होता, आणि तो जिंकायला केला होता. आज ते असते तर हा व्यवहार त्यांनी दुपारच्या जेवणाआधी उरकला असता. ताई, तू संघ चालवते आहेस की समाधी?

लिहू नये ते लिहिलं, पण खोडत नाही.

आणखी एक. ऑगस्टमध्ये मी तीन दिवस तुझ्याकडे होतो तेव्हा मी काझकडेच बघत होतो. माझा धंदाच माणसांचे पाय बघायचा. तो एका जागी उभा राहात नाही. या पायावरून त्या पायावर, तव्यावर उभा असल्यासारखा. मैदानाच्या मधोमध एक जागा आहे, तिला तो वळसा घालून जातो. आणि पिचर चेंडू टाकायच्या आधी, सगळीकडे शांत असतं तेव्हा, बाकीचे बॅटकडे बघतात, आणि हा मान खाली घालून असतो. बंद दाराला कान लावावा तसा.

मी तेव्हा काही बोललो नाही. वाटलं, त्याचे डोळे अधू झाले असतील. आता तुझं पत्र वाचल्यावर वाटतं, ते डोळ्यांचं नाही.

त्याला एकदा विचार. मग नाही म्हण, मी ऐकेन.
तुझाच,
इद्रिस


टॅनर्स गॅप
९ ऑक्टोबर १९५१

चि. इद्रिस यास आशीर्वाद.

तुझं पत्र मी चुलीत घालणार होते. समाधीचं जे लिहिलंस त्याचा हिशोब समोरासमोर होईल.

पण काझला विचारलं. काल दुपारी तो हंगामाचा गणवेश धुऊन, घडी घालून परत द्यायला आला होता. मी सूप वाढलं आणि तुझ्यासारखंच सरळ विचारलं की बाबा, तू मैदानात काय ऐकतोस? त्याने चमचा खाली ठेवला. मग म्हणाला की ठोके. तीन ठोके, मग थांबणं, मग तीन.

चप्पल असो की खिळ्यांचे बूट, तळपायातून येतात म्हणे, आणि यंदा तर प्रत्येक सामन्यात. त्या एका जागी सगळ्यात स्पष्ट. लोक ओरडत असले की ऐकू येत नाहीत. म्हणून तो प्रत्येक चेंडूमागे धावत सुटतो, बॅट हातात असली की जीव तोडून फटका मारतो, कारण चेंडू हवेत असेपर्यंत गाव ओरडतं. इद्रिस, आम्ही ज्याला उभं राहून टाळ्या वाजवल्या तो हंगाम हा असा आहे.

पुढचं ऐक. आग लागली त्याच्या तिसऱ्या दिवशी काझ बचाव तुकडीत होता. हवेच्या नळाला कान लावून बसायचं काम त्याचं. त्याने तेव्हा ठोके ऐकले होते. खरे. तीन आणि तीन. त्याने कंपनीच्या इंजिनिअरला सांगितलं. तो म्हणाला की तापलेला नळ आवाज करतोच, उगाच बायकांना आशा लावू नकोस. मग काझ वर आला, तेव्हा फाटकाशी मी उभी होते. मी त्याला विचारलं होतं, काही ऐकलंस का. आणि तो म्हणाला होता, नाही बेडोबाई, काही नाही.

मला तो क्षण जसाच्या तसा आठवतो. त्याच्या भुवयांवर कोळसा होता.

संध्याकाळी काँक्रीट ओतलं.

मी त्याला म्हटलं, तुला जायचं आहे का इथून? तर म्हणाला की मी कसा मागणार, लिऑनपाशी मग कोण उभं राहील? शिक्षा मागून घेतल्यासारखा तो तिथे उभा आहे. सूप न पिताच गेला.

आज सकाळी मी मैदानात गेले. ती जागा शोधावी लागली नाही, तिथलं गवत तेवढं अखंड आहे, बाकी सगळीकडे त्याच्या बुटांनी उखडलंय. मी बूट काढले. मोजे काढले. मालगाडी जाईपर्यंत थांबले, मग बराच वेळ. मला काही ऐकू आलं नाही. एकही ठोका नाही. खरं सांगू? मला त्या पोराचा हेवा वाटला.

व्यवहार कर. आजच तार कर. गावाचं मी बघते.

तुझी,
ग्वेनताई


टॅनर्स गॅप
१८ नोव्हेंबर १९५१

चि. इद्रिस यास आशीर्वाद.

कागद पोहोचले, सह्या करून पाठवले. काझ मंगळवारच्या गाडीने गेला. स्टेशनवर मी आणि त्याची आई, दोघीच.

गावाचं विचारतोस तर ऐक. लुकाच शब्दाला पक्का निघाला, मी मासे खायला लागले आहे. क्लबच्या ऑफिसच्या दोन काचा फुटल्या. चर्चमध्ये माझ्या बाकावर माझ्याशिवाय कुणी बसत नाही, हॅटला जागा भरपूर झाली. खाणीतून सुटून येणारे लोक मला बघून बोलणं थांबवतात. मी कुणाला कारण सांगितलेलं नाही. ते काझचं आहे, माझं नाही.

मला भीती दुदेकबाईची होती. ती गुरुवारी आली. शाल न काढता स्वयंपाकघरात बसली. मला वाटलं, आता ही माझ्यावर थुंकणार. तिने तिच्या मोडक्या बोलीत एवढंच विचारलं की तिकडच्या मैदानाखाली काय आहे? मी म्हटलं, वाळू. इद्रिस म्हणतो, दोन हात खणलं की पाणी लागतं, खाणी नाहीत. तिने मान हलवली. पुन्हा विचारलं, कुठेच नाहीत? मी म्हटलं, कुठेच नाहीत. मग तिने चहा घेतला आणि गेली.

ती किती जाणते, ते मला कळत नाही. विचारायचं धाडसही होत नाही.

तू त्याच्यावर डोळा ठेव, पण त्याला कळू देऊ नकोस.
ग्वेनताई


पाइनबरो, जॉर्जिया
२० मे १९५२

आदरणीय बेडोबाईंना,
काझिमिर दुदेकचा नमस्कार.

मला पत्रं लिहायची सवय नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा खेळ इथे चांगला चाललेला नाही हे तुम्हाला इद्रिससाहेबांनी कळवलंच असेल. सरासरी दोनशे तीसच्या खाली आहे. गेल्या आठवड्यात दोन सोपे झेल सुटले आणि लोकांनी हुर्यो उडवली. मालक म्हणतात, हा तो माणूस नव्हेच, आपल्याला फसवलं. मला तुमच्यासाठी वाईट वाटतं.

पण मी इथे उभा राहतो. पिचर तयारी करत असतो तेव्हा दोन्ही पाय जमिनीवर ठेवून नुसता उभा. एकदा तर उभ्याउभ्या पेंगलो. इथली जमीन मुकी आहे.

लिऑनला मी सोडून आलो. आणि तुम्हाला फाटकाशी जे बोललो ते परत घेता येत नाही. तुम्ही मला तेव्हा किंवा नंतर एकही वाकडा शब्द बोलला नाहीत, त्याचंच जास्त लागतं. एकदा रागावून लिहा, म्हणजे सुटलो.

आईला माझा निरोप सांगा. ती माझी पत्रं पाद्र्याकडून वाचून घेते, म्हणून तिला मी फक्त जेवणाखाण्याचं लिहितो.
आपला आज्ञाधारक,
काझ


टॅनर्स गॅप
१५ जून १९५२

चि. काझिमिर यास ग्वेन बेडोचे अनेक आशीर्वाद.

आधी खेळाचं. तुझ्या बदल्यात आलेला डावखुरा सात सामने सलग जिंकला आहे, संघ पहिल्या जागेवर आहे. प्रेक्षक मात्र निम्मे. मधल्या मैदानात चर्चचा ऑर्गनवाला विल्फ उभा असतो, त्याला धावता येत नाही, पण सांगू तिथे थांबतो. त्याला काही ऐकू येत नाही. मी विचारलं.

आता तुझ्या पत्राचं. मी रागावून लिहू शकत नाही, कारण तुला अर्धीच गोष्ट माहीत आहे. उरलेली मी पाच वर्षं कुणालाही सांगितली नाही, सख्ख्या भावालाही नाही.

त्या दिवशी दुपारी कंपनीचा वकील माझ्या घरी आला होता. आत कुणी जिवंत असल्याचा आमचा दावा नाही, अशा कागदावर त्यांना पाचही घरांच्या सह्या हव्या होत्या. चौघी तयार नव्हत्या. तो म्हणाला की पलीकडच्या खाणीत साठ माणसं आहेत, हेडन फोरमन होता, फोरमनच्या बायकोने सही केली की बाकीच्या करतील. मी सही केली. मग इतरांनी केल्या. तुझ्या आईला वाचता येत नाही, तिने माझ्या नावाकडे बोट दाखवून विचारलं, हे बेडोबाईंचं का, आणि खाली फुली काढली.

त्यानंतर मी फाटकाशी आले. त्यानंतर तुला विचारलं. काझ, मी तुला विचारलं ते हो ऐकायला नव्हे. तू नाही म्हणावंस म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. तू माझ्या तोंडाकडे बघितलंस आणि मला हवं तेच दिलंस. तू एकवीस वर्षांचा होतास, तीन दिवस झोपला नव्हतास. मी बेचाळीस वर्षांची होते आणि काय करते आहे ते मला समजत होतं.

म्हणजे तुझ्या त्या एका शब्दाने काहीही बदललं नाही. कागद आधीच गेला होता.

तुझं पत्र आल्यावर मी आधी तुझ्या आईकडे गेले, मग बाकी तिघींकडे, आणि सगळं सांगितलं. सही, तुझं ऐकणं, सगळं. तुझी परवानगी न घेता सांगितलं, त्याची माफी मागते. एकीने दार लावून घेतलं. दोघी रडल्या. तुझी आई उठली, तिने खिडकी बंद केली आणि मी निघेपर्यंत पाठ फिरवून उभी राहिली. पुढचे तीन रविवार कुंपणाशी ती एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला.

आज सामना संपल्यावर ती माझ्याकडे चालत आली. मला माफ केलं असं म्हणाली नाही, आणि मीही माफी मागितली नाही. म्हणाली की पाद्र्याला सांगण्यासारखं हे नाही, तू लिही. म्हणून हे पुढचं तिचं आहे, मी फक्त हात चालवते आहे:

हिवाळ्यात घरी येऊ नकोस. सुट्टी मिळाली तरी येऊ नकोस. मीच येते. तिकीट काढून दे, गाडी कुठे बदलायची ते मोठ्या अक्षरांत लिही. मला त्या वाळूवर अनवाणी चालायचं आहे, आणि तू उभा असलेला बघायचा आहे.

झेल सुटले तर सुटू देत.

तुझ्या आईची फुली खाली आहे. तिच्या शेजारी माझं नाव लिहायला तिने आज नको म्हटलं, म्हणून ते वरच राहू दे.

×