लॅबमधली फेरीबोट

बाई, तुमचं मशीन चालू झालं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण ही बातमी दुसऱ्या कोणाला सांगून मजा नाही.

पेडण्याच्या आपल्या शाळेत, जिथे आता मी शिकवते, लॅबचं कपाट रिकामं करताना फुलाफुलांच्या कापडात गुंडाळलेला तुमचा कॉम्प्युटर निघाला. टीव्हीला जोडायचा, रबरी बटणांचा, ज्यावर तुम्ही आम्हाला प्रोग्रॅम लिहायला शिकवलंत. मुख्याध्यापक म्हणाले, "बाय, शनिवारच्या प्रदर्शनात चालला तर ठेवू. नाहीतर भंगारात." भंगारात! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, चालवून दाखवते. तुम्ही रचलेल्या केरीच्या फेरीबोटीच्या खेळाची कॅसेट बुरशीने खाल्ली होती. मशीन घरी आणलं, तोच खेळ लॅपटॉपवर नव्याने लिहिला, कंपायलरकडून त्या जुन्या चिपच्या भाषेत करून घेतला आणि कॅसेट प्लेअरच्या जागी लॅपटॉपची वायर लावून मशीनच्या आत सोडला. लॅपटॉपवर या मशीनची एक नक्कल चालते, तिच्यात बोट झकास नदीपलीकडे तिरकोलला पोचायची. खऱ्या मशीनवर मात्र नदी उमटायची आणि सगळं ठप्प.

बंद कर, चालू कर, परत बंद कर. मग तुम्ही समोर उभ्या. मी सातवीत, स्क्रीन अडकलाय, माझा हात स्विचकडे जातोय आणि तुम्ही ओरडताय, "हात काढ गो आधी! कुठे अडकलंय ते बघ. बंद केलंस की चूकपण पळाली." सगळ्या वर्गासमोर! काय राग आला होता मला तुमचा. पण आताही हात काढला. मशीनला स्क्रीनच्या किनारीचा रंग बदलायला लावला: नदी काढायला जाताना लाल, काढून परतलं की हिरवा. नदी आली, किनार लालच. म्हणजे मशीन गेलं, काम केलं, परत येईना. आणि टाळक्यात प्रकाश पडला. परत कुठे यायचं हे ते मेमरीच्या अगदी टोकाला लिहून ठेवतं, आणि मी शहाणी कंपायलरला मोठ्या मॉडेलची मेमरी सांगून बसलेली. लॅपटॉपवरची नक्कल मोठ्या मॉडेलची, म्हणून तिच्यात चाललं; आपल्या शाळेचं मशीन लहान, ते टोक त्यात नाहीच! एक आकडा बदलला. किनार हिरवी झाली नि मी घरात एकटीच नाचले. चहात बुडवलेला उंडो पाव तिथेच विरघळला.

शनिवारी पोरांची ही झुंबड! "आता म्हाका दी!" "म्हाका, म्हाका!" मुख्याध्यापकांनी स्वतः बोट तिरकोलला नेली आणि म्हणाले, "ह्याला काचेचं कपाट करूया." म्हटलं, कपाट नको सर, टेबल द्या, पोरांचे हात लागू देत. दिलं. छाती फुगली माझी, खोटं कशाला बोलू? तुम्ही असता तर तुमचीही फुगली असती, दाखवली नसतीत एवढंच.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. परतीच्या फेरीत बोट केरीच्या धक्क्यात जराशी घुसते. कोणाच्या लक्षात आलं नाही. कुठे चुकलंय ते मला ठाऊक आहे, दुरुस्तीला फार वेळही लागणार नाही. पण सगळंच बरोबर करून टाकलं, तर तुमच्यासाठी काय उरणार, बाई?