तीन गावांची सामाईक वीज

शुक्रवार, १६ ऑक्टोबर १९९८, अल मनखूल, दुबई

कागदा, विसरलास ना मला? ईदपासून तुला हात लावला नाही, तर लगेच अनोळखी झालास! मी हव्वाबी, तय्यबची आई. अक्षर येत नाही, म्हणून तोंड माझं आणि हात सुनेचा. नूरजहाँ रत्नागिरीला मराठी शाळेत शिकली. तिच्या चुगल्या तिलाच लिहाव्या लागतात. अजून तिची लेखणी अडलेली नाही – बाई पक्की आहे.

आज जुम्म्यानंतर आमच्या हॉलमध्ये तीन ग्रामपंचायती भरल्या. केळवट, माडभाटी आणि खाजणवाडी. गावं तिकडे कोकणात, खाडीच्या काठाला. पण गावांचं डोकं दुबईत. सरपंच तिकडे सही करतो. काय सही करायची ते इकडे नोकरीला आलेले हे बाप्ये ठरवतात, बिर्याणी येईपर्यंत.

विषय होता वीज. आमच्याकडे बल्ब लावला की कोणीतरी कोपऱ्यात विडी ओढतंय असं वाटतं. तिन्ही पंचायती आपापली वीज घेतात, तिन्ही लाइनीच्या शेपटाला. आता म्हणे तिघींनी मिळून घ्यायची. एक अर्ज, एक मोठा ट्रान्सफॉर्मर, एक बिल. सगळ्यांनी एकदम घेतली की दर उतरतो. तय्यब तासभर समजावत होता – बल्क, लोड, टेरिफ. मी आतून विचारलं, अरे, आम्ही बाया कोळणीकडून बांगड्याची अख्खी पाटी घेतो आणि अंगणात वाटे करतो, तेच ना? ‘तेच, चाची,’ म्हणाला माडभाटीचा मुश्ताक. आणि पुन्हा पहिल्यापासून समजावायला लागला.

एसी इतका गार की मी गोधडी घेऊन बसले होते. गोधडीत बसून गावच्या अंधाराची काळजी करायला मजा येते.

यात माझा स्वार्थ आहे, तोही लिही. तय्यबचे अब्बा गेले आणि याने मला इथे आणली. केळवटच्या घराला कुलूप. परत जाते म्हटलं की याचं एकच – अम्मा, आधी लाइट नीट होऊ दे, मग जा. हा स्वतः आठवडाभर तिकडे रुवैसच्या रिफायनरीत, गुरुवारी रात्री घरी येणार. नातू रेहान पुण्याला होस्टेलवर. घरात सासू, सून आणि टीव्ही. मला लिफ्टमधले आकडे कळत नाहीत. दार उघडलं की वास घेते, सांबाराचा आला की आपला मजला. शेजारीण माहेरी गेली की मी वरखाली फिरत राहते.

म्हणून त्या ट्रान्सफॉर्मरची खरी गरज तिन्ही गावांत एकटीला – मला.

शुक्रवार, ३० ऑक्टोबर

बिल कोणाच्या नावावर? यावर आज भांडण. केळवट म्हणे आमची वस्ती मोठी. माडभाटी म्हणे आमची मशीद जुनी. खाजणवाडीचे म्हणे, देऊळ त्याहून जुनं. वीज राहिली बाजूला, तीन गावं आपापल्या आजोबांवर आली.

मी चहा घेऊन गेले आणि सहज म्हटलं, ज्याचं नाव बिलावर, त्यालाच विजेच्या कचेरीतला साहेब झापणार ना?

खलास. केळवट एकदम नम्र झालं. खाजणवाडीला जरा खोकला आला. मुश्ताक नेमका हात धुवायला गेला होता, म्हणून बिल माडभाटीच्या नावावर.

रविवार, १ नोव्हेंबर

तय्यब कालच रुवैसला गेला. आज आम्ही दोघी एकूण चार वाक्यं बोललो. दोन भाजीबद्दल.

शुक्रवार, १३ नोव्हेंबर

अर्ज तयार! ग्राहकांची नावं लिहायची होती. हॉलमध्ये एकेक जण उभा राहून सांगत होता – अमुक तमुक, राहणार केळवट. राहणार माडभाटी. छाती काढून. कोणाचा जन्मच इथल्या दवाखान्यातला, पण राहणार खाजणवाडी. मी म्हटलं, राहता कुठे? तर तय्यब रागावला. ‘अम्मा, राहणं वेगळं आणि राहणार वेगळं.’

बरं बाबा.

कचेरीने जितकी वीज घ्यायला सांगितली त्याहून जास्त यांनी कबूल केली. जास्त घेतली की अजून स्वस्त म्हणे. पाटीऐवजी होडीच घेतली यांनी.

शुक्रवार, ११ डिसेंबर

आज बिर्याणी उरली, यावरून समज.

खाजणवाडीचे सरपंच भिकाजी यांचा फोन आला. तय्यबने स्पीकर लावला, सगळे गोल बसले. अर्ज मंजूर झाला म्हटल्यावर ‘माशाल्ला’ झालं. मग भिकाजींनी अट सांगितली. घाऊक दर हवा तर ठरल्याइतकी वीज जाळायलाच हवी. तीन महिने कमी जाळली की सामाईक जोडणी रद्द, पुन्हा तीच विडी. आणि ते गावातली घरं मोजत फिरले होते. हे कुलूप. ते कुलूप. पुढच्याला कुलूप आणि वर वारूळ.

‘अर्जातले सगळे ग्राहक तुमच्या हॉलमध्ये बसलेत,’ भिकाजी म्हणाले. ‘इथे बटण दाबणार कोण?’

मग अक्कल सुटली. एक म्हणे, घराघरात घड्याळ लावून बल्ब आपोआप पेटवू. मुश्ताक म्हणे प्रत्येक घरात एक फ्रिज पाठवू. रिकाम्या घरात रिकामा फ्रिज, आत काय? इज्जत.

मी गोधडी बाजूला केली. म्हटलं, मी जाते. मी जाळते.

तय्यब म्हणाला, अम्मा, लाइट– आणि तिथेच थांबला. लाइट त्यानेच आणली होती ना! मला माझ्या लेकाची इतकी दया कधी आली नव्हती. पण माघार घेतली नाही मी.

शनिवार, १२ डिसेंबर

तय्यब पहाटे रुवैसला गेला. जाताना म्हणाला, ट्रान्सफॉर्मर बसू दे, मग बघू. म्हणजे हो. इन्शाल्ला म्हणाला असता तर नाही.

शुक्रवार, ७ मे १९९९

ट्रान्सफॉर्मर खाडीतून होडीवर आला. भिकाजी सांगत होते, गावात उरलेल्या म्हाताऱ्यांनी त्याला हार घातला.

इकडे मुश्ताकने आपल्या आईला, शहरबानूला गावी जायला तयार केलं. खाजणवाडीकडूनही कोणाच्या तरी सासूबाई निघाल्या. तीन गावांनी मिळून वीज घेतली, तशा म्हाताऱ्याही घाऊकच घेतल्या. दर उतरला असेल.

शुक्रवार, ८ ऑक्टोबर

पाऊस सरला, तारा ओढून झाल्या, नवी लाइट आता सुरू होतेय. निघतो आहोत. नूरजहाँ मला पोचवायला येते, पंधरा दिवसांसाठी. तय्यबने तिचं परतीचं तिकीट तीनदा दाखवलं, मला नाही, तिला. हे लिहिताना तिची लेखणी अडली. पहिल्यांदाच. मी काही विचारलं नाही. पक्क्या बाईला विचारून काय कळतं?

रविवार, २४ ऑक्टोबर, केळवट

बल्ब असा पेटतो की घरातली जाळी-जळमटं सगळी दिसतात. चार वर्षांची. इतका उजेड मी मागितला नव्हता.

दुबईत तय्यब खोलीखोलीतून दिवे विझवत फिरायचा. इथे सरपंच भिकाजी दारात उभे – चाची, अजून एक पंखा लावा, आकडा मागे आहे. मी पंखा लावते आणि चादर घेते. शहरबानू पलीकडून ओरडते, तिचा पाण्याचा पंप सकाळपासून चालू आहे, आता टाकीत तिनेच पोहावं का?

तरी पुरत नाही. तीन म्हाताऱ्या किती जाळणार? पहिला महिना भरला की कचेरी मोजायला येईल.

नूरजहाँ काल खाडीपलीकडे गेली होती. इथल्या बाया दळणाचं ओझं घेऊन तरीच्या होडीतून तिकडेच जातात, कारण आपल्याकडे गिरणी चालेल अशी वीज कधी नव्हती. आज तिने भिकाजींना विचारलं, पिठाची गिरणी किती जाळते? भिकाजी खुर्चीतून उठले. म्हणाले, सूनबाई, दहा म्हाताऱ्यांइतकी.

रविवार, १४ नोव्हेंबर, केळवट

आज आकडा पुरा झाला. नूरजहाँने आमच्या पडवीत बसवून घेतलेली गिरणी सकाळपासून थांबली नाही, बायांची रांग अंगणापर्यंत. दुपारी तय्यबचा फोन. तिकीट अजून किती वेळा पुढे ढकलायचं, विचारत होता. मी रिसीव्हर सुनेच्या पिठाच्या हातात दिला. नूरजहाँ म्हणाली, ‘मी येत नाही. गिरणी बंद पडली तर तिन्ही गावांची वीज जाईल. तुम्ही सुट्टीत या.’ मग बराच वेळ तोच बोलत होता. ती ऐकत होती आणि गिरणीच्या तोंडात तांदूळ सोडत होती.

भिकाजींचा पुतण्या शुक्रवारी दुबईला निघालाय. नूरजहाँ, लिही आणि मग उठून बांध – तय्यबला सुका जवळा, आमसुलं आणि तांदळाचं पीठ. भाकऱ्या करून पाठवू नकोस. थापायला शिकू दे.